पूल कुणाच्या वाट्याला

संध्याकाळी साडेसहा-सातनंतर आमच्या इमारतीत एक ठरलेला कालवा सुरू होतो. टिटवाळा, आसनगाव, कसारा अशा पाट्या लावलेल्या लोकल एकामागून एक आंबिवलीला माणसं उतरवत जातात. बायका स्टेशनाबाहेरच भाजी घेतात, जिना चढतात, चपला काढतात, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आत घराघरांतून तक्रारी सुरू होतात. "आई, हिनं माझा खोडरबर घेतला." "आई, हाच आधी वाकुल्या दाखवत होता." दिवसभर पोरांना सांभाळणाऱ्या आज्या दारात येतात आणि सगळ्या एकच वाक्य बोलतात. तू येईपर्यंत कशी गुणाची होती, तू आलीस आणि सुरू झालं.

हे वाक्य टोमण्यासारखं वाटतं, पण त्यात फार मोठी माहिती असते. दहा-बारा तास बाहेर राहिलेली आई घरात आली की त्या घरातली सगळ्यात मोलाची, वाटून घ्यायला सगळ्यात कठीण गोष्ट आली. खोडरबर दुपारीही तिथेच होता, तेव्हा त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून घरात शिरल्याशिरल्या भांडणाचा निवाडा करायला मी बसत नाही. कोण खरं बोलतंय याचा छडा लावण्यात पंधरा मिनिटं जातात, एक जण जिंकतो, एक हरतो, आणि दोघांनाही हवी असते ती आई तेवढा वेळ न्यायाधीश होऊन बसलेली असते. मी आधी दोघांना जवळ घेते. दमलेली असले तरी घेते. बरीचशी भांडणं तेवढ्यावर विरतात, आणि जी उरतात ती खरी असतात. त्यांच्याकडे मात्र नीट बघावं लागतं.

आमच्याकडे थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. घर दोन खोल्यांचं. एक दिवाण, एक कपाट, शाळेच्या अभ्यासाला एकच मोबाइल. सासूबाईंच्या माहेरी, इथून जवळच्याच गावात, पूर्वी ओटा होता, पडवी होती, मागे आमराई होती. रुसलेल्या पोराला जाऊन बसायला जागा होती. आमच्याकडे रुसायचं झालं तर मोरीत नाहीतर दिवाणाखाली. जागेच्या अडचणीनं भांडणं वाढतात हे खरं आहे. तरी शेजारी नवीन संकुलात तीन खोल्यांच्या घरातही तोच आवाज ऐकू येतो, त्यामुळे सगळा दोष मी भिंतींना देत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती चिडवण्याची. ओढाओढी डोळ्यांना दिसते, तिला थांबवता येतं. चिडवणं एका शब्दात होऊन जातं आणि शब्द टाकणारा लगेच साळसूद चेहरा करून पुस्तकात डोकं घालतो. भावंडाइतकं नेमकं चिडवणं दुसऱ्या कुणालाच जमत नाही. वर्गातली मुलं चष्म्यावरून, उंचीवरून काहीतरी बोलतात. भावंडाला माहीत असतं की ही रात्री दिवा मालवला की घाबरते, याला अजून 'र' म्हणता येत नाही, हिला मागच्या चाचणीत गणितात किती पडले. एका पांघरुणात झोपून मिळवलेलं हे ज्ञान आहे. त्याच ज्ञानातून माया येते आणि घावही तिथूनच येतो.

धाकट्याला एकदा थोरलीनं सांगितलं की तू आमचा नाहीस, तुला टिटवाळ्याच्या देवळाच्या पायरीवरून उचलून आणलंय. बाकी महाराष्ट्रात मुलांना बोहारणीकडून जुन्या कपड्यांच्या बदल्यात घेतलेलं असतं; आम्हाला टिटवाळा एका स्टेशनावर, त्यामुळे इकडची मुलं गणपतीच्या दारात सापडतात. अंगारकीला तिथली गर्दी त्यानं डोळ्यांनी पाहिलेली. एवढ्या गर्दीत एखादं मूल सुटू शकतं हे त्याला पटलं. तो रडला नाही. जेवताना मात्र त्यानं विचारलं, "माझी खरी आई अजून तिथे शोधत असेल का?" थोरलीचा घास हातातच राहिला. आपण काय बोललो ते तिला त्या क्षणी कळलं, माझ्या कुठल्याही बोलण्यानं कळलं नसतं. मी कपाटातून त्याचा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा जन्मदाखला काढला, त्याच्या नावावर, माझ्या नावावर बोट ठेवून वाचून दाखवलं. मग थोरली म्हणाली, "माझापण काढ."

ती असं का म्हणाली, हे नंतर उलगडलं. ती चार वर्षांची असताना तिच्या मामानं तिला अगदी हेच सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे हसलो होतो.

तिथून मी एक गोष्ट करायला लागले. भावंडं एकमेकांना जे बोलतात ते शब्द कुठून आले, याचा माग काढायचा. जवळजवळ प्रत्येक वेळी तो माग मोठ्या माणसापर्यंत जातो. 'बोबड्या' शेजारच्या काकांकडून आलं. 'ढ' हे मी दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल फोनवर बोलताना वापरलं होतं. आणि 'काळी' आलं आटाळीतल्या एका हळदीतून.

आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. सगळा गाव, सगळं गणगोत, रात्रभर गाणी. तिथे एका नातेवाईक बाईंनी दोन्ही मुलांना जवळ घेतलं, दोघांच्या गालांवरून हात फिरवला आणि प्रेमानंच म्हणाल्या, "धाकटा आईच्या रंगावर गेला, पोरीचं मात्र जरा राहिलं हो." त्या बोलल्या आणि पुढच्या मुलांकडे वळल्या. सहा वर्षांच्या मुलानं ते वाक्य खिशात घालून घरी आणलं. आठवड्याभरात पट खेळताना हरायला लागल्यावर त्यानं ते बाहेर काढलं: काळी, काळी, काळी. थोरलीनं सोंगट्या उधळल्या आणि त्याला मारलं.

अशा वेळी आपल्या घरांत काय होतं? मारणारीला ओरडा बसतो, कारण मार दिसतो. "तू मोठी आहेस ना, तुला कळायला नको?" मोठेपण ही आपल्याकडची शिक्षाच आहे. ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर यांनी थोरल्या मुलाची तुलना राज्य गेलेल्या राजाशी केली होती. आपण त्या राजाचं राज्य काढून घेतो आणि वर नवीन राजाची राखणही त्यालाच करायला सांगतो. मोठ्यालाही लागतं, हे आपल्या परंपरेला एके काळी ठाऊक होतं. ज्ञानदेव लोकांच्या वागण्यानं दुखावून झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत घातली ती मुक्ताईनं, चौघा भावंडांत सगळ्यात धाकट्या बहिणीनं. रूढ सालांनुसार त्यांचा जन्म १२७५चा, तिचा १२७९चा. चार वर्षांनी लहान असलेल्या त्या बहिणीचे ताटीचे अभंग आपण भक्तिभावानं ऐकतो. मला त्यांत घरातलं फार खरं असं काहीतरी दिसतं: थोरल्याचा रुसवा धाकटीनं मनावर घेतला. दुर्लक्ष केलं नाही. दार बंद आहे म्हणजे आत दुखतंय, एवढं तिला कळलं.

मी त्या दिवशी मारण्याबद्दल थोरलीशी बोलले, पण नंतर आणि एकटीशी. धाकट्याला समोर बसवून रंगावर भाषण दिलं नाही. सहा वर्षांच्या मुलाला त्या शब्दामागचा समाज कळत नाही, हा शब्द बसतो एवढंच कळतं. त्याला विचारलं, हिचा चेहरा बघ, तिला काय झालं असेल? तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "तिचं पोट दुखतंय." चुकीचं उत्तर नव्हतं ते. आणि पुढच्या समारंभात त्या बाई पुन्हा भेटल्या, तेव्हा मी दोन्ही मुलं ऐकत असताना त्यांना म्हटलं, "मावशी, मुलांच्या रंगाचं त्यांच्यासमोर बोलू नका. घरी येऊन ते तेच बोलतात." मावशी क्षणभर ओशाळल्या, मग थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून दुसरंच काही बोलल्या. वयानं मोठ्या माणसाला असं म्हणणं सोपं नसतं. पण धाकट्याला गप्प करून मावशीला बोलू देणं मला जास्त अवघड वाटलं.

चिडवण्याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याकडे आदिपर्वातच सांगून ठेवली आहे. भीम कौरवांचे केस ओढतो, त्यांना फरफटवतो, दहा-दहा जणांना कवेत धरून पाण्यात बुडवतो आणि अर्धमेले झाले की सोडतो. ती मुलं फळं काढायला झाडावर चढली की बुंध्याला लाथ घालून फळांसकट त्यांना खाली पाडतो. महाभारतकार स्वच्छ सांगतात की भीमाच्या मनात द्वेष नव्हता, पोरपणानं तो हे करायचा. मला यातली दुसरी बाजू अस्वस्थ करते. द्वेष नव्हता, पण पाण्याखाली गुदमरणाऱ्याला ते कसं कळावं? दुर्योधनानं जे मनात धरलं ते तिथून धरलं, आणि त्यातून विष घातलेलं अन्न भीमापुढे आलं. त्याआधी कुणी मोठं माणूस नदीकाठी जाऊन म्हणालं, थांबा, तो हसत नाहीये, असं वाचायला मिळत नाही. भीम दिसेनासा झाल्यावर कुंती भिऊन विदुराला बोलावते, तेव्हा तोही तिला याची वाच्यता न करण्याचाच सल्ला देतो. त्याच्या सल्ल्याला कारणं होती. पण एवढ्या मोठ्या घरात शहाणी माणसं इतकी, आणि पोरांचं पोरांवर सोडून दिलेलं.

पोरांचं पोरांवर सोडावं असं मलाही पुष्कळदा वाटतं, कारण त्यांच्याकडे स्वतःचे नियम असतात आणि ते चांगले असतात. आमच्या गल्लीत क्रिकेट असो नाहीतर पकडापकडी, लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. तो खेळतो, धावतो, पण आउट होत नाही. धाकट्याला सोबत नेण्याचा आणि खेळही न बिघडवण्याचा हा तोडगा मुलांनी काढला आहे. तसंच 'टॅम्प्लीज'. दम लागला, चप्पल सुटली, काही झालं की हात वर करून टॅम्प्लीज म्हणायचं. त्या क्षणी राज्य असलेल्यानंही थांबायचं. कितीही चुरस असो, टॅम्प्लीज म्हटल्यावर कुणी पकडत नाही. थोरलीनंच सुचवलं की चिडवण्यालाही हे लावू या. आता घरात कुणीही टॅम्प्लीज म्हटलं की तो शब्द त्या दिवसापुरता बंद. धाकटा सुरुवातीला उगाचच, गंमत म्हणून म्हणायचा. पण थोरलीनं त्याचं दर वेळी मानलं, तेव्हा तोही तिचं मानायला लागला.

मात्र मोठ्यांनी केलेले नियम किती आंधळे असू शकतात, ते मला खिडकीनं दाखवलं. सासूबाई रविवारी दुपारी दोघांना घेऊन कल्याणला बहिणीकडे जातात. गाडीला तेव्हा गर्दी कमी, खिडकी एक मिळते. आंबिवली, शहाड, कल्याण, एवढाच प्रवास. सासूबाईंनी सरळ वाटणी केली: जाताना शहाडपर्यंत थोरली खिडकीत, पुढे धाकटा, येताना आधी धाकटा, शहाडनंतर थोरली. एकेक टप्पा, जाताना ती आधी, येताना तो आधी. याहून न्याय्य काय असणार? तरी धाकटा दर रविवारी परतताना कुरकुरत यायचा आणि त्याला हावरट ठरवलं जायचं. मग एकदा त्यानंच रडत सांगितलं, "नदी नेहमी तिलाच मिळते."

उल्हास नदीचा पूल आंबिवली आणि शहाडच्या मध्ये आहे. जाताना पहिल्या टप्प्यात, येताना शेवटच्या. दोन्ही वेळा थोरलीच्या वाट्याला. पावसाळ्यात त्या पुलावरून गढूळ, रुंद, काठाला भिडलेलं पाणी दिसतं, गाडीचा आवाज बदलतो. शहाड ते कल्याणमध्ये दिसतात त्या इमारतींच्या मागच्या बाजू. वाटणी मोजून सारखी होती, आणि एकाला सगळी नदी, दुसऱ्याला एकदाही नाही. थोरलीला हे माहीत होतं, ती गप्प बसली होती. मग दोघांना बसवून विचारलं की आता कसं करायचं. तोडगा तिनंच दिला: जाताना मी आधी, येतानाही मीच आधी. ऐकायला हा हट्ट वाटतो, पण हिशेब करून बघा, दोघांना एकेक पूल मिळतो.

कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात हिल्डी रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांना भावंडांच्या भांडणात मध्यस्थी कशी करावी याचं शिक्षण देऊन पाहिलं. आधी बोलण्याचे नियम ठरवायचे, मग प्रत्येकानं आपली बाजू सांगायची, मग दुसऱ्याला काय वाटलं ते समजून घ्यायचं, आणि उपाय मुलांनी काढायचा. निकाल देण्याचा हक्क पालकांनी सोडायचा. अशा घरांतली मुलं एकमेकांची बाजू जास्त समजून घेऊ लागली, तडजोडीवर येऊ लागली. आपल्याकडे हे कठीण जातं, कारण शेवटचा शब्द मोठ्यांचा, ही सवय हाडीमांसी आहे. पण मोठ्यांना नदी दिसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी एक पाहणी मला त्याहून महत्त्वाची वाटते. इंग्लंडमध्ये केंब्रिजला ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबांत दुसरं बाळ येण्याच्या आधीपासून घरी जाऊन निरीक्षणं केली. १९८२ साली त्यांचं पुस्तक आलं. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाबद्दल एक वेगळं माणूस म्हणून बोलत होती, ते का रडत असेल, त्याला काय हवं असेल, तुला काय वाटतं, अशा घरांत पुढे दोघांमधली माया जास्त दिसली. म्हणजे बाळाला सांभाळ, बाळाला हात लावू नकोस, याच्या पलीकडचं बोलणं. आपल्या आज्या हे सहज करायच्या: "बघ गं, तुला बघून हसलं ते." हेच हात घास भरवताना मात्र शर्यत लावतात. बघू कोण आधी जेवतं. कोण शहाणं बाळ आहे आमचं. दोन ताटांत भात असतो तोवर सगळं ठीक असतं, आपण पहिला-दुसरा ठरवतो आणि ताटातला भात बाजूला राहतो.

सासूबाईंशी यावर माझा वाद झाला. त्या म्हणाल्या, आम्ही पाच भावंडं अशीच वाढलो, कुणी आम्हाला असं जपून बोलत नव्हतं, काय बिघडलं? मी काही बोलले नाही, कारण उत्तर आमच्या दोघींच्या समोर होतं. मोहने, आटाळी, वडवली, या सगळ्या पट्ट्यात जमिनींना भाव आल्यापासून किती भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कल्याणच्या कोर्टात तारखेला समोरासमोर बसलेले सख्खे भाऊ. त्यांच्यातल्या एखाद्याला सातबाऱ्याबद्दल विचारलं तर तो गुंठ्यांपासून सुरुवात करतो आणि बोलता बोलता बालपणात शिरतो: बापाचं नेहमी त्याच्यावरच लक्ष, सायकल त्यालाच घेतली, माझं कधी ऐकलंच नाही. साठीच्या माणसाच्या तोंडून सायकलचं नाव निघतं.

आणि बहिणींचं तर वेगळंच. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली आला, पण तोपर्यंत लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीनं त्याही आल्या. सासूबाईंची सही तेव्हापासून लागायला लागली. त्यांनी हक्कसोडपत्रावर ती केली, हे मला ठाऊक होतं. मुलांना नव्हतं.

वादाच्या त्या संध्याकाळी त्या आपणहून बोलल्या. मुलं पाटावर बसून ऐकत होती. "भाऊ कागद घेऊन आला. कशाचा, का, काही सांगितलं नाही. सही कुठे करायची तिथे नुसतं बोट ठेवलं. चहापण घेतला नाही."

थोरली म्हणाली, "तुला जमीन नको होती?"

"हवी-नको कुणी विचारलंच नाही गं. विचारलं असतं तर दिलीच असती मी. आनंदानं दिली असती."

"मग विचार ना त्याला," धाकटा म्हणाला.

"आता काय विचारायचं? तिथे सात मजले उभे राहिले."

"जमिनीचं नको विचारू," थोरली म्हणाली, "का नाही विचारलं ते विचार."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा भाऊ दर वर्षी भाऊबीजेला येतो, ओवाळून घेतो, पाकीट ठेवतो, जेवतो आणि जातो. जमिनीचा विषय दोघंही काढत नाहीत. या वर्षी काढायचा की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. काल स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता मला एवढंच विचारलं, भाऊबीजेला तू घरी असशील ना, सुट्टी टाक.